आमच्या शाळेत सगळं आहे

८ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते. मोठी होतात म्हणून लिहितात की लिहितात म्हणून मोठी होतात, ते कळायला मार्ग नाही. माझी दोन्ही बाजूंनी तयारी आहे. वही फक्त माझ्यासाठी. त्यामुळे इथे खोटं लिहिणार नाही. इतर ठिकाणीही लिहीत नाही.

संकल्प. या वर्षी शाळेच्या पाटीवरचा 'प्रभारी' हा शब्द जायला हवा. तो 'मुख्याध्यापक'च्या आधी येतो आणि सगळी चव घालवतो. पेंटरला बारीक काढायला सांगितला होता, तरी लोक नेमका तेवढाच वाचतात. शिवाय रोज पाच किलोमीटर चालणे.

९ जानेवारी
पाय दुखतो आहे. चालणं सोमवारपासून.

११ जानेवारी, गुरुवार
शिक्षण खात्याचं पत्रक आलं. टेक्नॉलॉजी व्हाउचर. ज्या शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं कमी उत्पन्नाच्या घरातली आहेत, त्या शाळांसाठी. व्हाउचर दुकानदाराला दिलं की तो कॉम्प्युटर आणून जोडून देतो आणि बिल खातं भरतं. संगणकाच्या बाई पत्रक घेऊन जिन्यावरून अक्षरशः धावत आल्या. शिक्षिकेने धावू नये. तसं नंतर सुचवलं.

'कमी उत्पन्न' हा शब्द मला खटकला. आमच्या मुलांचे आईवडील धुणीभांडी करतात, बांधकामावर जातात, कोणी गाड्या धुतात, हे खरं. पण म्हणून लगेच तोंडावर म्हणायचं? मी 'मध्यम उत्पन्नाकडे वाटचाल करणारी' असं सुचवलं. बाई म्हणाल्या की रकाना लहान आहे.

पुढचा प्रश्न, शाळेत चालू स्थितीतले कॉम्प्युटर किती? मी 'पुरेसे' लिहीत होतो. बाई म्हणाल्या, सर, शून्य आहेत. माझ्या खोलीत एक आहे, हे मी लक्षात आणून दिलं. तो चालत नाही, हे त्यांनी माझ्या लक्षात आणून दिलं. चालत नसेल, पण आहे. रोज पुसला जातो, कव्हर स्वच्छ आहे. बराच वेळ वाद. शेवटी तडजोड म्हणून 'तूर्त शून्य' लिहिलं. 'तूर्त' माझा. एका शब्दाने अर्जाला उंची आली.

१६ जानेवारी
बाईंचा तास पाहिला. आधी कळवलं नव्हतं. सरप्राइज व्हिजिट हे चांगल्या प्रशासकाचं लक्षण.

दृश्य असं. शेवटच्या वर्गातल्या प्रत्येकापुढे बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर स्केचपेनने काढलेला कीबोर्ड. बाई म्हणतात, समजा कॉम्प्युटर चालू केला. सगळे म्हणतात, केला. मग बाई उतारा वाचतात आणि मुलं पुठ्ठ्यावर बोटं आपटतात. वर्गात मुसळधार टकटक. मध्येच एकाने हात वर केला की बाई, माझं 'क' पुसलं गेलंय. दुसरा म्हणाला, बाई, माझा ओला झालाय. बाईंनी त्याला उन्हात ठेवायला सांगितलं.

मार्चमध्ये यांची प्रॅक्टिकल परीक्षा. खऱ्या कॉम्प्युटरवर, टेकडीवरच्या शाळेत. हा विषय सुटला की पुढे ऑफिसात बसायच्या कामाचा कोर्स मिळतो. नाही सुटला तर आईबापांबरोबर कामावर. बाई म्हणतात, व्हाउचर मिळालं तर परीक्षेआधी निदान महिनाभर मुलांचे हात खऱ्याला लागतील. मी म्हटलं, मिळालं तर काय, मिळालंच समजा.

पण ते पुठ्ठे. कोणी पाहिले तर काय म्हणेल? बाईंना तास दार लावून घ्यायला सांगितलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिल्या यादीत नाव आलं. 'तूर्त'ने काम केलं. आता नऊ तारखेला खात्याच्या तपासनीस बाई शाळा प्रत्यक्ष बघायला येणार.

घरी सांगितलं. ही म्हणाली की बरं झालं, शाळा आहे तशी दाखवा आणि गप्प बसा. हिला इन्स्पेक्शन म्हणजे काय कळत नाही.

३ फेब्रुवारी
प्लॅनिंग. भिंतींना रंग, निदान दर्शनी. मागच्या भिंतीला ओल आहे, तिथे जगाचा नकाशा. ओल पसरली तर आणखी एक नकाशा. मोडके बाक गच्चीवर. ज्यांना बूट आहेत त्यांनी पुढच्या रांगेत, ज्यांना नाहीत त्यांनी बाकाखाली पाय आत घेऊन बसायचं.

बाईंचा विरोध. म्हणाल्या, सर, त्यांना आपली गरज बघायची आहे, थाट नाही. मी त्यांना शांतपणे समजावलं. जगात देणारा माणूस लायकी बघून देतो. फाटक्या खिशात कोणी पैसे ठेवत नाही. आपण कॉम्प्युटर नीट सांभाळू, असा विश्वास वाटला पाहिजे. त्या उठून वर्गावर गेल्या. पटलेलं दिसलं.

पुठ्ठे माझ्या खोलीतल्या कपाटात. किल्ली माझ्याकडे.

४ फेब्रुवारी, रविवार
हिने जुनं काढलं. मुलाची फी माफ करून घ्यायला मी सूट घालून गेलो होतो म्हणे, आणि साहेबांनी उठून खुर्ची दिली पण माफी दिली नाही. ती गोष्ट वेगळी होती. तो सूट मला घट्ट होत होता, त्यामुळे आत्मविश्वास दिसला नाही.

ही म्हणाली, 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं किती दिवस करणार तुम्ही?'

 चालायला बाहेर पडलो. कोपऱ्यावरून परत आलो. पाय.

५ फेब्रुवारी
आज आंघोळ करताना मास्टरस्ट्रोक सुचला.

हिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकानात जुन्या कॉम्प्युटरचा ढीग. एका दिवसापुरते ते शाळेत मांडायचे. एक खोली रिकामी आहेच, तिच्यावर 'कॉम्प्युटर लॅब' ही पाटी. तपासनीस बाईंना दिसेल की खोली तयार, टेबलं तयार, मुलं तयार, मुख्याध्यापक तर केव्हाचा तयार. फक्त व्हाउचरचा कागद यायचा बाकी.

फसवणूक अजिबात नाही. मी स्वतः स्पष्ट सांगणार की हे उसने आहेत, रंगीत तालमीसाठी. ट्रान्सपरन्सी ठेवायची. वाक्यही पाठ केलं आहे. 'मॅडम, हे कॉम्प्युटर आमचे नाहीत.' साधं, सुटसुटीत.

६ फेब्रुवारी
मेहुणा बराच वेळ हसला. मग म्हणाला, दाजी, यातले चालतात मोजकेच, बाकी नुसते सांगाडे. मी म्हटलं की सांगाडे मागे ठेवू. त्याने विचारलं की मदत मागायला जाताना दागिने घालून जाणार का? बहिणीवर गेला आहे.

कबूल झाला. एका दिवसासाठी.

८ फेब्रुवारी, गुरुवार
टेम्पो आला. लॅब मांडून झाली. चालणारे पुढे, सांगाडे मागे, सगळ्यांवर नवीन कव्हरं. मी दारात उभा राहून पाहिलं.  इतक्या वर्षांत या शाळेत अशी खोली नव्हती. क्षणभर वाटलं, खरंच आपली आहे.

मुलं खिडकीला नाक लावून उभी. हात लावायचा नाही, असं सांगितलं. उद्या खराब दिसायला नको.

बाई तीनदा येऊन विचारून गेल्या की मी उद्या ते वाक्य नक्की म्हणणार ना. किती अविश्वास.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
मोहीम फत्ते.

तपासनीस बाई वयस्कर, साध्या, फार कमी बोलणाऱ्या. रंग पाहिला. नकाशाही पाहिला, दोन्ही नकाशे. मग लॅब. दारातच थांबल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं. खोटं नाही, आश्चर्यच. त्यांनी विचारलं की हे सगळे शाळेचेच का?

आता वाक्य म्हणायचं. तोंड उघडलंही. पण त्या खोलीत, त्या पाटीखाली, मुलांसमोर? 'आमचे नाहीत'ऐवजी बाहेर आलं, 'आपलेच समजा.' उत्तर मोघम आहे. कायद्याने यात खोटं काही नाही. संगणकाच्या बाई पुढे सरसावल्या, तेव्हा मी त्यांना चहाचं बघायला पाठवलं. पाहुण्यांना चहा वेळेवर मिळायला हवा.

मग तपासनीस बाईंनी वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीला बोलावलं. तिची आई इमारतींमध्ये लाद्या पुसते. चालू कॉम्प्युटरसमोर बसवून काही लिहून दाखवायला सांगितलं. मुलीने बोटं ठेवली आणि पहिलं अक्षर पडद्यावर उमटताच चटका बसावा तसा हात मागे घेतला. मी म्हटलं, लाजते. मग मात्र तिने जी सुरुवात केली, थांबेचना. खाली न बघता, भराभर. एक चूक नाही. पुठ्ठ्यावरचे कष्ट. माझी छाती फुगली.

तपासनीस बाई म्हणाल्या की मुलांना चांगलीच सवय झालेली दिसते. मी म्हटलं, रोजची आहे. हे शंभर टक्के खरं.

चहा घेऊन संगणकाच्या बाई आल्या तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती. बाई ट्रे धरून नुसत्या उभ्या. चहा मी घेतला.

१० फेब्रुवारी
मेहुण्याने टेम्पो भरला. जाताना म्हणाला की दाजी, एक चालणारा राहू दे परीक्षेपर्यंत, पोरांचा हात बसेल. पैसे नकोत.

मी नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. व्हाउचरचे नवेकोरे यायचे असताना मेहुण्याच्या उपकाराचा एक पिवळा पडलेला डबा कशाला? बाई बाजूलाच होत्या. म्हणाल्या, सर, एकच राहू द्या. मी म्हटलं, आठवडाभर थांबा, लॅबमध्ये जागा पुरणार नाही.

पुठ्ठे कपाटातून काढून दिले. तात्पुरते.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
पत्र आलं. 'आपल्या शाळेतील कॉम्प्युटरची व्यवस्था समाधानकारक असून विद्यार्थ्यांचा सराव उत्तम आहे. सबब व्हाउचर अधिक गरजू शाळेस देण्यात येत आहे. अभिनंदन.'

पहिलं वाचन. अभिनंदन वाचून आनंद.
दुसरं वाचन. बसलो.

२८ फेब्रुवारी
व्हाउचर टेकडीवरच्या शाळेला. तिथल्या मुख्याध्यापकाने काय दाखवलं म्हणे, तर काहीच नाही. जुने दोन-चार कॉम्प्युटर होते, तेवढेच दाखवले, आणि चहासुद्धा विचारला नाही. अशाने मिळतं? मला वाटतं, त्याने वर्गातल्या सतरंज्या मुद्दाम फाडल्या असणार.

हे जग सरळ माणसाचं नाही. लायकी दाखवणं हा गुन्हा? आम्ही नीटनेटके राहिलो, ही आमची चूक? चूक असेल तर असो. मी पुन्हा नीटनेटकाच राहीन.

ही म्हणाली, 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.' मी कौतुक समजलो.

१ मार्च, शुक्रवार
बाईंनी माहिती काढली. पंधरा दिवसांत अपील करता येतं. अट एकच. मुख्याध्यापकाने स्वतः लिहून द्यायचं की पाहणीच्या दिवशी ठेवलेले कॉम्प्युटर शाळेचे नव्हते. एक ओळ आणि सही. बाई म्हणाल्या की अपील लगेच गेलं तर परीक्षेआधी शेवटचे आठ दिवस तरी मिळतील. त्यांनी ओळ लिहूनच आणली होती.

मसुदा आणि भाषा हे माझं क्षेत्र. म्हटलं, ठेवा, मी बघतो.

४ मार्च
बाईंचा मसुदा उघडा-बोडका. 'कॉम्प्युटर आमचे नव्हते, आमच्याकडे एकही नाही.' हे काय वाक्य आहे? यात शाळेची शान कुठे?

माझा मसुदा: 'पाहणीच्या दिवशी प्रयोगशाळेत काही यंत्रे तात्पुरत्या स्वरूपात विराजमान होती.' विराजमान देवाला वाटतं. उद्या बदलू.

७ मार्च
'विराजमान'ऐवजी 'उपस्थित'. पण मग हजेरी घेतल्यासारखं वाटतं. लेखन ही तपश्चर्या आहे. लोकांना कळत नाही.

बाई रोज दारात. मी म्हणतो, झालंच. आज म्हणाल्या की निदान एक दिवस मुलांना मेहुण्यांच्या दुकानात घेऊन जाऊ द्या. आमच्या शाळेच्या मुलांनी दुकानाच्या पायरीवर बसून शिकायचं? चौक काय म्हणेल? नाही म्हटलं.

१२ मार्च, मंगळवार
मसुदा पूर्ण. चार पानं. शाळेचा इतिहास, माझं कार्य, समाजाची उदासीनता. 'आमचे नव्हते' हे चौथ्या पानावर, तेही 'सर्वस्वी आमचेच होते असे म्हणणे काटेकोरपणे शक्य नव्हते' असं. कोणाला टोचणार नाही. सही उद्या, शाईच्या पेनाने.

१३ मार्च
खात्यात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं की पंधरा दिवस पत्राच्या तारखेपासून धरतात. मुदत काल संपली. मी म्हटलं, वाचून तरी बघा. त्याने पहिलं पान वाचलं आणि विचारलं की तुमची नेमकी तक्रार काय आहे? शिक्षणाचा दर्जा घसरलाय तो इथूनच.

बाईंना सांगितलं. बाईंनी फक्त मान हलवली. मग वर्गात गेल्या आणि दार लावून घेतलं. टकटक ऐकू येत राहिली.

१४ मार्च
मी खचलेलो नाही. कॉम्प्युटर नसले म्हणून काय झालं? बोटं तयार आहेत. पडद्याकडे बघून कोणीही टाइप करेल. आमची मुलं न बघता करतात. ही आमची खासियत. टेकडीवाल्यांना परवा दाखवून देऊ.

१६ मार्च, शनिवार. सकाळ
परीक्षेचा दिवस. मुलं स्वच्छ, भांग पाडलेली. ज्यांना बूट नव्हते त्यांना कोणीकोणी दिलेले. थोडे मोठे होतात, पण उठून दिसतात. बाई सगळ्यांची बोटं तपासत होत्या, नखं वाढली आहेत का. सगळ्यात उंच मुलगी मला म्हणाली की सर, भीती नाही वाटत. मला तरी कुठे वाटते?

१६ मार्च. संध्याकाळ
विषय शिक्षकाला आत सोडत नाहीत, तो नियम. बाई फाटकाशी दप्तरं सांभाळत बसल्या. मुख्याध्यापक म्हणून मला व्हरांड्यात उभं राहता आलं. शेजारी टेकडीवाला मुख्याध्यापक. व्हाउचरची लॅब. वास अजून नवा. मी कौतुक केलं नाही.

आमची मुलं शेवटच्या रांगेत. मागच्या खिडकीतून त्यांच्या पाठी आणि पडदे दिसत होते. घंटा झाली. पुढच्या रांगांतल्या मुलांनी बटणं दाबली, पडदे उजळले. आमच्यांनी बोटं ठेवली, समोरचा उतारा पाहिला आणि सुरू केलं. सगळ्यांनी एकदम. टकटक टकटक. पाठ ताठ, मान वर.

पडदे काळे. सगळेच्या सगळे.

 आधी वाटलं, लागतील. मग वाटलं, परीक्षक बघतील. परीक्षक टेबलावर पेपर वाचत बसले होते. काचेवर टकटक करायची आणि एक वाक्य म्हणायचं, की आमच्या मुलांना कॉम्प्युटर चालू करायला कोणी शिकवलेलं नाही, कारण आमच्याकडे तो नाही. वाक्य तयार होतं. बाईंनी पंधरा दिवस आधी लिहूनसुद्धा दिलं होतं.

टेकडीवाला वाकून बघत म्हणाला की तुमच्या मुलांचे स्क्रीन बंद दिसतात.

मी म्हटलं, 'आमच्याकडे न बघता टाइप करायची पद्धत आहे.'

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खिडकीकडे. आत सगळ्यात उंच मुलगी ओळीमागून ओळ लिहीत होती, शेवटी पूर्णविराम दिला, तोही दिसला मला, करंगळीशेजारच्या बोटाने. मग हात मांडीवर ठेवून इतरांचं व्हायची वाट बघत बसली. घंटा झाली.

परीक्षक शेवटच्या रांगेशी आले, थांबले, वाकले, एकाचं बटण दाबून पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. रांगभर एकच. मुलं त्यांना नमस्कार करून बाहेर पडली.

फाटकाशी सगळी बाईंच्या गळ्यात. कोणाचं एक अक्षर चुकलं, कोणाचं तेही नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी. एकेकाची पाठ थोपटत होत्या. मग सहज विचारलं की पडद्यावर सगळं दिसत होतं ना नीट?

उंच मुलगी म्हणाली, 'त्या दिवशी शाळेत दिसलं होतं, बाई. आज नाही दिसलं. मला वाटलं, परीक्षेत कोणी बघून लिहू नये म्हणून दिसू देत नसतील.'

बाईंचा हात तिच्या पाठीवर होता, तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी दप्तरं मोजायला लागलो.